गच्चीवरचा सोडालाईम

"सिस्टर, खालवर करू का आता?" कचरूमामांनी गच्चीवरून वाकून विचारलं.

"करा. आणि कावळे बसू देऊ नका," मी जिन्यातूनच ओरडले.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बाईनं हॉस्पिटलच्या गच्चीवर कुरडया घातल्यात. मे महिना, आमच्या नेवाशाकडचं ऊन, जुनं धोतर पसरलेलं, त्यावर पांढरे पांढरे दाणे आणि आमचे वॉर्डबॉय मामा पंचा डोक्याला गुंडाळून हातानं ते खालवर करतायत. पण ते खायचं नव्हतं काही. तो सोडालाईम होता, ऑपरेशन थिएटरमधला. आणि तो उन्हात घालायची शक्कल माझी, एस्तेर उजगरेची. तेव्हा ओटीची इन्चार्ज मीच होते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं सगळ्यांना नावं ठेवताना मला स्वतःला विसरायला फार आवडतं.

सोडालाईम म्हणजे चुन्याचे दाणे. पूर्ण भूल दिलेल्या माणसानं सोडलेला श्वास नळीतून मशीनमध्ये येतो आणि फिरून पुन्हा त्याच्याच छातीत जातो. त्यातला कार्बन डायऑक्साइड मधेच कुणीतरी काढून घ्यायला हवा ना? ते काम हे दाणे करतात. मशीनला एक पारदर्शक डबा असतो, त्यात ते भरायचे. ताजे असताना पांढरे. पोट भरलं की जांभळे. जांभळे झाले की टाकून द्यायचे आणि नवे भरायचे. आधी मी मिशनच्या दवाखान्यात होते, तिथं मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

पूर्वी आमच्याकडे मिनिटाला पाच-सहा लिटर गॅस सोडायचे. निम्मी हवा वाया जायची, दाण्यांवर ताण नसायचा, डबा तीन-तीन आठवडे चालायचा. मग भूल द्यायला डॉक्टर खिस्ती यायला लागले. पोरसवदा माणूस, पुण्याहून शिकून आलेला. त्यांचं सगळं लो फ्लो. मिनिटाला फक्त अर्धा लिटर. गॅस वाचतो, पेशंटला कोरडी गार हवा लागत नाही, चांगलीच पद्धत आहे ती, मी नाही म्हणत नाही. पण तीच तीच हवा फिरत राहणार, म्हणजे सगळं ओझं दाण्यांवर. डबा तीन दिवसांत जांभळाढुस्स!

हॉस्पिटलचे मालक डॉक्टर औटी. सर्जन तेच. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर मला विचारलं, "सिस्टर, हे दाणे तुम्ही घरी नेऊन फोडणीला टाकता की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसले. शी! त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की काय सांगू.

त्याच सुमारास एक ट्रे खिडकीत राहून गेला. जांभळे दाणे टाकून द्यायचे विसरलो होतो. दोन दिवसांनी बघते तर पांढरेशुभ्र. मला काय आनंद झाला! धावत जाऊन डॉक्टर औटींना दाखवले. त्यांनी खिस्तींकडे बघितलं.

"रंग परत येतो खरा," खिस्ती म्हणाले. "विश्रांती मिळाली की थोडी ताकदही येते. थोडी."

"मग उन्हात घाला की! ओलबिल असेल ती जाईल," औटी म्हणाले.

खिस्ती काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत. त्यांना नवीन मॉनिटर हवा होता आणि तो औटींच्या मनात असेल तेव्हाच मिळणार होता.

मग आमचं सुरू झालं. वापरलेले दाणे गच्चीवर, दोन दिवस ऊन, की पुन्हा डब्यात. मी निम्मे नवे निम्मे वाळवलेले असं मिसळायचे आणि रोजच्या तक्त्यावर लिहायचे, 'डबा बदलला.' खाली सही. गंमत अशी की कडक ऊन खाल्लेले दाणे पुन्हा जांभळे होईचनात. आठवडा झाला तरी पांढरे. औटी म्हणाले, "बघा, उन्हानं ताकद वाढली!" स्टाफच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी लाजले. आता आठवलं की तोंडात काहीतरी सडल्यासारखं वाटतं.

त्या दोन महिन्यांत पेशंट शुद्धीवर येताना डोकं धरून यायचे. चेहरे लालबुंद. मी त्यांना सांगायचे, "उपाशी आहात ना, चहा घेतला की थांबेल."

अलका दरंदले बाई आल्या त्या दिवशी नवा माल आलेला नव्हता. पुण्याहून पार्सल निघालं होतं म्हणे. मी सकाळी अख्खा डबा गच्चीवरच्या दाण्यांनी भरला. नुसता पांढरा, डोळ्यांना गार वाटावा असा. तक्त्यावर लिहिलं, 'डबा बदलला.'

बाई चौतीस वर्षांच्या. अंगणवाडीत मदतनीस. पित्ताशयात खडे, दोन वर्षं पोटावर गरम पिशवी ठेवून काढलेली. टेबलावर आडवं केल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, मला परत उठवाल ना हो?"

"उठवू नाहीतर काय! आमचा रोजचा धंदाच आहे तो," मी म्हणाले.

भूल दिली. नळी घातली. औटींनी पोट उघडलं. पंधरा मिनिटांनी खिस्तींनी गॅस अर्ध्या लिटरवर आणला आणि स्टुलावर बसून मोबाईल काढला. सगळं नेहमीसारखं. औटी हात चालवता चालवता कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. जिलबी शिळी होती म्हणे.

चाळीसेक मिनिटं झाली असतील. मॉनिटरवर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा असतो. तो अडतीसच्या आसपास हवा. मी बघितलं तर अठ्ठेचाळीस.

"सर," मी म्हणाले.

खिस्तींनी श्वासाचा वेग वाढवला. आकडा पंचावन्न. नाडी एकशे दहा. मग बासष्ट, नाडी एकशे तीस. बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब आले, बघता बघता मान, छाती सगळं निथळायला लागलं. तोंड शेंदरासारखं लाल. औटी ओरडले, "अरे, रक्त का एवढं येतंय इथं? काय चाललंय वर?"

खिस्ती ताडकन उठले. नळी तपासली. छातीला स्टेथोस्कोप लावला. आणि मग वाकून डब्याकडे बघितलं. मला ते अजून दिसतं. त्यांनी नीट, दोनदा बघितलं.

"डबा तर पांढराशुभ्र आहे," ते म्हणाले.

"आज सकाळीच बदललाय," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. कुणी विचारलंही नव्हतं.

खिस्तींचा चेहरा उतरला. "सर, हा तो आजार वाटतो. भुलीच्या औषधानं अंग पेटतं तो. रक्तातच असतो, घराण्यात. लाखात एखाद्याला. माणूस टेबलावर जातो, सर." त्यावरचं औषध तालुक्याच्या गावात मिळणारं नव्हतं, नगरलाही मिळेल की नाही शंका. "भुलीचा गॅस बंद करतो, ऑक्सिजन फुल्ल सोडतो. बर्फ आणा. मिळेल तेवढा बर्फ!"

कचरूमामा उसाच्या गुऱ्हाळातून बर्फाची अर्धी लादी पोत्यात घालून घेऊन आले. त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला. तो तसाच फोडून आम्ही बाईंच्या काखेत, जांघेत, मानेशी कोंबला. पोट उघडं, त्यावर औटींचे हात, खाली भुशाचं घाण पाणी टेबलावरून माझ्या चपलांत. बाईमाणसाचं उघडं अंग आणि त्यावर तो गुऱ्हाळातला बर्फ. मी थर्मामीटर लावला. ताप नव्हताच.

"सर, अंग गरम नाहीये," मी म्हणाले.

"चढेल! उशिरा चढतो!" खिस्ती खेकसले.

ऑक्सिजन दहा लिटरवर सोडला होता. आणि आकडा उतरायला लागला. साठ. पंचावन्न. शेहेचाळीस. दहा मिनिटांत एकोणचाळीस. नाडी शंभरच्या खाली. ताप चढलाच नाही. खिस्तींनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. औटी म्हणाले, "वाचवलीस रे तू बाईला!"

मी पुसायला म्हणून मशीनकडे वळले. हात डब्यावर पडला. डबा गार होता.

दाणे काम करत असले की डबा तापतो. भाकरी बांधलेल्या फडक्यासारखा कोमट लागतो हाताला. तासभर चाललेल्या ऑपरेशनमध्ये तो गार असूच शकत नाही. मी दोन्ही हात लावून बघितले. माठातल्या पाण्यासारखा गार. दाण्यांनी एक कणही शोषला नव्हता. बाई चाळीस मिनिटं स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा ओढत होत्या, आणि आम्ही त्यांना बर्फात पुरलं. ऑक्सिजन जोरात सोडला म्हणून ती घाण हवा बाहेर ढकलली गेली. बस, एवढंच झालं होतं. आजारबिजार डोंबल!

बाई शुद्धीवर आल्या. डोकं फुटतंय म्हणाल्या. पण आल्या. मी देवाचे आभार मानले, ते खरेच मानले.

दुपारी खिस्ती चेंजिंग रूममध्ये एकटे होते. मी दार लोटून आत गेले आणि त्यांच्या हातावर चार दाणे ठेवले.

"हे काय?"

"दाबून बघा."

ताजा दाणा नखानं दाबला की भुगा होतो. वापरलेला दगड होतो. खिस्तींनी दाबला. नख पांढरं पडलं, दाणा तसाच. त्यांनी दुसरा दाबला. मग तिसरा.

"सर, डबा गार होता," मी म्हणाले. "हे गच्चीवरचे आहेत. सगळेच्या सगळे. बाईंना काही आजार नाही."

त्यांनी चौथा दाणा उजेडात धरला. मग म्हणाले, "उन्हानं रंगच मेला असणार. आतलं संपलं, तरी दिसायला पांढरं." आणि लगेच, "औटी सरांनी बाहेर सांगून टाकलंय, सिस्टर. तिच्या नवऱ्याला. मीही सांगितलंय."

"मग आता खरं सांगा."

"काय सांगू? मॉनिटरवर सगळं लिहून येत होतं, आत जाणाऱ्या श्वासातही कार्बन डायऑक्साइड दिसत होता. मी डब्याचा रंग बघितला आणि थांबलो. हे सांगू?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. "आणि तक्त्यावर सही कुणाची आहे?"

मी मागचं दार नीट लावून घेतलं.

"बाई वाचली ना?" ते म्हणाले. "डिस्चार्ज कार्डावर हा आजार लिहिला तर तिचं काय वाईट होणार आहे? पुन्हा भूल देताना लोक जपतील, एवढंच."

मी दाणे त्यांच्या हातातून घेतले आणि कचऱ्यात टाकले. मला त्या माणसाची शिसारी आली होती. पण बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं, हेही खरं आहे. याचीच मला जास्त शिसारी येते.

बाहेर तमाशा चालला होता. औटींच्या केबिनमध्ये पेढ्यांचा बॉक्स. दरंदले, म्हणजे बाईंचे यजमान, एसटीत कंडक्टर होते, ते औटींच्या पायावर डोकं ठेवत होते आणि औटी, तोंडात पेढा, "अहो, अहो, कर्तव्य आमचं" म्हणत त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते. पेढ्याचा चुरा दरंदल्यांच्या केसांत पडला.

"लाखात एक केस! मोठमोठ्या शहरांत ओळखता येत नाही, आमच्या खिस्तींनी ओळखली," औटी म्हणाले. "रक्तातून येतो हा दोष. तुमच्या बायकोच्या माहेरी कुणी टेबलावर गेलंय का, आठवून बघा."

दरंदल्यांनी डोळे पुसले. "तिचा चुलता साहेब. हर्नियाच्या ऑपरेशननंतर गेला. आठ दिवसांनी."

"बघा!" औटींनी टेबलावर हात आपटला.

आठ दिवसांनी गेलेला माणूस. आणि 'बघा' म्हणे. चांगल्या घरच्या शिकलेल्या माणसानं इतकं निर्लज्ज व्हावं, आणि मी तिथंच पाण्याचा ग्लास घेऊन उभी.

संध्याकाळी कचरूमामा विचारायला आले, "सिस्टर, उद्या ऊन चांगलंय. आजचे घालायचे का वाळत?"

मी त्यांच्यावर इतकी ओरडले की म्हातारा दोन पावलं मागं सरला. "माझं काय चुकलं, सिस्टर?" म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अलकाताईंच्या दोन्ही मुली भेटायला आल्या. मोठी ऋतुजा, अकरा वर्षांची, शहाण्यासारखी खुर्चीवर बसली. धाकटी ज्ञानदा सात वर्षांची. ती आईच्या पलंगावरच चढली. अलकाताई तिच्याशी बोलताना तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या.

"हिला कमी ऐकू येतं का?" मी विचारलं.

"कान फुटतो हो सारखा. आत हाड किडत चाललंय म्हणाले. नगरच्या डॉक्टरांनी तारीख दिलीय, शाळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन. केलं तर एक कान तरी वाचेल." त्यांनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "नाही केलं तर दोन्ही जातील. पुढं मेंदूलाही धोका, म्हणाले."

मी सलाईनची बाटली बदलत होते.

कानाचं ते ऑपरेशन पूर्ण भूल दिल्याशिवाय होत नाही. सात वर्षांच्या पोरीचं तर नाहीच नाही.

मी तशीच औटींच्या केबिनमध्ये गेले. खिस्तीही होते. मी सांगितलं. पोरीचं, कानाचं, तारखेचं, सगळं. "सर, कार्डावर घराण्याचं लिहू नका. बाईंचं काय लिहायचं ते लिहा, पोरींना त्यातून सोडा."

औटींनी चष्मा काढला. "म्हणजे आजार रक्तातला, पण पोरींना नाही? उद्या नगरचा भूलतज्ज्ञ विचारेल, हे कसं? तो इथं फोन करेल. फाईल मागेल. मग?" ते माझ्याकडे वळले, आवाज एकदम मऊ. "उजगरे सिस्टर, तुमची पेन्शन नाही, काही नाही. तुमच्या लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. तुमच्या सहीचा तक्ता मी कपाटात ठेवलाय. मी कुणाला दाखवणार नाही."

खिस्ती खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवर घामोळं आलं होतं, ते खाजवत होते. मी वाट बघितली, हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांना पुढच्या महिन्यात पुण्याला परिषदेत ही केस मांडायची होती. ते खाजवत राहिले.

मी बोलू शकले असते. केबिनमधून निघून सरळ वॉर्डात जायचं, वीस पावलं. मी ओटीत गेले आणि निर्जंतुक करायच्या कपड्यांचे ड्रम भरत बसले.

चौथ्या दिवशी बाईंना घरी सोडलं. डिस्चार्ज कार्ड भरायचं काम माझ्याकडे दिलं होतं, खिस्तींनी मजकूर सांगितला होता. लाल पेनानं लिहायचा. 'सदर पेशंटला व रक्ताच्या नातेवाईकांना पूर्ण भूल जिवाला धोकादायक.' दरंदले बाहेर रिक्षा बघायला गेले होते. अलकाताई साडी नेसून पलंगावर बसल्या होत्या, ज्ञानदा शेजारी, पाय हलवत.

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं.

"रक्ताचे नातेवाईक म्हणजे माझ्या पोरी पण का?"

"हो," मी म्हणाले.

"मग हिच्या कानाचं?"

मी पेनाला टोपण लावलं.

"सिस्टर, डॉक्टरलोकांचं बोलणं मला समजत नाही. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही मला हात धरून सांगितलं होतं उठवू म्हणून, आणि उठवलंत. तुम्ही सांगाल ते मी करीन. करू का नको करू?"

वॉर्डात पंखा फिरत होता. समोरच्या पलंगावरची म्हातारी डब्यातला वरणभात खात होती. खिस्ती दाराशी येऊन उभे राहिले आणि मला बघून आल्या पावली वळले.

"नका करू," मी म्हणाले.

अलकाताईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. "जिवापेक्षा कान काय मोठा," म्हणाल्या, स्वतःलाच समजावल्यासारखं. मग कार्डाची घडी घालता घालता थांबल्या आणि ते मला परत दिलं. "पोरींची नावं पण घाला ना यावर. उद्या मी नसले, तर कुणी चुकून भूल द्यायला नको."

मी लिहिली. ऋतुजा ज्ञानदेव दरंदले, वय अकरा. ज्ञानदा ज्ञानदेव दरंदले, वय सात. लाल पेनानं.

त्यांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये खोचलं. मग ज्ञानदाची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. "बाईंना थँक्यू म्हण."

पोरीला ऐकू गेलं नाही. ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

"थँक्यू म्हण गं बाईंना! त्यांच्यामुळं आई घरी चाललीय!"

"थँक्यू!" ज्ञानदा म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तशी, इतक्या मोठ्यानं की समोरच्या म्हातारीनं घास हातात धरून वर बघितलं.